ट्रान्सप्लांटमधली सिग्नल अडवणारी औषधं: कुठलं, कधी, किती? माहितीपत्रकासाठी मदत हवी आहे

सिस्टर_औंध

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका ट्रान्सप्लांट युनिटमध्ये कोऑर्डिनेटर आहे. ब्लड कॅन्सरच्या पेशंटना ट्रान्सप्लांटच्या वेळी पेशींचे सिग्नल अडवणारी जी औषधं दिली जातात, त्यांच्यावर मराठीत माहितीपत्रक लिहायला घेतलंय. नवीन सिस्टर्सना ड्यूटीवर उपयोगी पडावं आणि सातारा-सोलापूरहून आलेल्या नातेवाइकांनाही वाचता यावं, असं हवंय. प्लेरिक्साफोर, टॅक्रोलिमस, रक्सोलिटिनिब, सोराफेनिब एवढी घ्यायची आहेत. पाथवे (सिग्नलचा मार्ग), औषध, डोस, साइड इफेक्ट असे रकाने पाडले, पण चार ठिकाणी अडलेय.

जीसीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) चालू असताना प्लेरिक्साफोर (स्टेम सेल रक्तात आणणारं इंजेक्शन) नेमकं कुठल्या आकड्यावर द्यायचं, आणि ते रात्रीच का? हॅप्लो (अर्धा जुळणारा डोनर) ट्रान्सप्लांटमध्ये टॅक्रोलिमस पाचव्या दिवसापर्यंत का थांबवतात? (नातेवाईक रोज विचारतात, "रिजेक्शनचं औषध अजून सुरू कसं नाही केलं?") रक्सोलिटिनिब सुरू झालं की प्लेटलेट उतरतात, तेव्हा नवीन मॅरो (अस्थिमज्जा) फेल होतोय की औषधामुळे होतंय, हे कसं ओळखायचं? आणि एफएलटी३ जीनमध्ये बिघाड असलेल्या एएमएलमध्ये (एक प्रकारचा ब्लड कॅन्सर) ट्रान्सप्लांट झाल्यावरही गोळी कशासाठी?

अफेरेसिस_कट्टा

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. तिथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा लांबेल.

मॅरोमधल्या आधारपेशी सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन सोडतात आणि स्टेम सेलच्या अंगावर त्याचा रिसेप्टर असतो, सीएक्ससीआर४. हा सिग्नल म्हणजे दावं. तो चालू आहे तोवर पेशी गोठा सोडत नाही. जीसीएसएफ हे दावं कुरतडत जातं: न्यूट्रोफिलमधली एन्झाइम्स बाहेर पडून जोड तोडतात आणि सीएक्ससीएल१२ तयार होणंही कमी होतं. याला चार-पाच दिवस लागतात. प्लेरिक्साफोर थेट सीएक्ससीआर४ वर जाऊन बसतं आणि काही तासांत दावं सुटतं. मुळात हे औषध एचआयव्हीसाठी शोधलं जात होतं, कारण तो व्हायरसही पेशीत शिरायला हाच रिसेप्टर वापरतो. लिम्फोमा आणि मायलोमाच्या ऑटोलॉगस (पेशंटच्या स्वतःच्याच पेशींच्या) ट्रान्सप्लांटसाठी अमेरिकेत त्याला डिसेंबर २००८ मध्ये मान्यता मिळाली.

रात्रीच का, तर जीसीएसएफच्या जोडीने दिल्यावर रक्तातल्या सीडी३४ पेशी (म्हणजे स्टेम सेल) इंजेक्शननंतर साधारण १० ते १४ तासांनी सगळ्यात जास्त असतात. सकाळी ८ला स्टेम सेल गोळा करायचं मशीन लावायचं असेल तर रात्री ९ला इंजेक्शन. डोस ०.२४ मि.ग्रॅ. प्रति किलो, त्वचेखाली. व्हायलमध्ये १.२ मिलीत २४ मि.ग्रॅ. असतं, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला १४.४ मि.ग्रॅ., सिरिंजमध्ये ०.७२ मिली. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ५० किंवा खाली असेल तर ०.१६ मि.ग्रॅ. प्रति किलो. मायलोमात किडनी अधू असलेले पेशंट पुष्कळ, त्यामुळे पत्रकात ही ओळ ठळक छापा.

आता आकडा. जीसीएसएफ १० मायक्रोग्रॅम प्रति किलो रोज. चौथ्या दिवशी संध्याकाळी फ्लो सायटोमेट्रीने रक्तातला सीडी३४ काउंट करायचा. एका मायक्रोलिटरला १० च्या खाली असेल तर प्लेरिक्साफोर द्यायचंच. १० ते २० च्या मधे असेल तर पेशंट पाहून. पण २० दिसले की लोक निर्धास्त होतात, ते चुकीचं. हिशोब करून बघा. मायक्रोलिटरला २० म्हणजे लिटरला २ कोटी. मशीनमधून १० लिटर रक्त फिरवलं तर २० कोटी पेशी समोरून गेल्या. मशीन त्यातल्या ४०-५० टक्के पकडतं, धरा ९ कोटी. ६० किलोने भागलं की किलोमागे १५ लाख. किमान हवेत २० लाख, आणि ४०-५० लाख मिळाले तर प्लेटलेट वेळेत वर येतात. म्हणजे काउंट २० असताना ६० किलोच्या माणसाचं एका दिवसात भागत नाही. हा हिशोब आदल्या संध्याकाळीच कागदावर मांडला तर इंजेक्शनचा निर्णय रात्री ९च्या आत होतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी बॅगचा काउंट बघून सगळे कपाळाला हात लावतात.

आणखी चुका कुठे होतात? पांढऱ्या पेशी ५० हजार झाल्या म्हणून स्टेम सेलही भरपूर असतील असं धरून चालतात. त्या दोन आकड्यांचा फारसा संबंध नाही. प्लेरिक्साफोर रात्री दिलं म्हणून सकाळचं जीसीएसएफ गाळतात. ते मशीन लावण्याआधी द्यायचंच असतं. लेनालिडोमाइड (मायलोमाची गोळी) बरेच महिने चाललेलं असेल तर पेशी निघता निघत नाहीत, म्हणून पहिल्या ४ ते ६ सायकलमध्येच कलेक्शन उरकावं आणि त्याआधी दोन-चार आठवडे लेनालिडोमाइड बंद ठेवावं. जीसीएसएफ घरी घ्यायचं ठरलं असेल तर ते २ ते ८ अंशांत राहिलं का, हेही विचारा. उन्हाळ्यात एसटीने नुसत्या पिशवीतून आणलेल्या इंजेक्शनचा भरवसा धरू नका.

मशीनवर असताना ओठांभोवती मुंग्या आल्या तर समजा सायट्रेटने (मशीनमध्ये रक्त गोठू न देणारं औषध) कॅल्शियम खाली गेलंय. स्पीड कमी करा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट चालू करा. पेशंटला "मुंग्या आल्या की लगेच सांगा" हे आधीच सांगून ठेवा. बोटं वाकडी होईपर्यंत गप्प बसणारे असतात.

पांढऱ्यापेशी

सिस्टर, दुसऱ्या प्रश्नावरून तुमच्या अख्ख्या पत्रकाबद्दलच एक सुचवतो. पाथवेचे रकाने काढा आणि तारखांचे पाडा. ट्रान्सप्लांटमध्ये सिग्नल अडवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कुठल्या दिवशी *अडवायचा नाही* हेही महत्त्वाचं. हॅप्लो हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण.

टॅक्रोलिमस काय करतं? टी पेशीला परकं काही दिसलं की आत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन जागं होतं, ते एनएफएटी या प्रथिनाला केंद्रकात पाठवतं आणि इंटरल्युकिन-२ (वाढीचा निरोप देणारं प्रथिन) तयार होतं. मग टी पेशी भराभर वाढते. टॅक्रोलिमस ही साखळी कॅल्सिन्युरिनपाशी तोडतं. सायक्लोस्पोरिनही तिथेच तोडतं, फक्त वेगळ्या प्रथिनाला धरून.

आता हॅप्लोत आपण सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध ५० मि.ग्रॅ. प्रति किलो, ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी देतो. ६० किलोला प्रत्येक दिवशी ३ ग्रॅम, मूत्राशय जपणारं मेस्ना आणि भरपूर सलाइन जोडीला. हे औषध प्रामुख्याने वाढीला लागलेल्या पेशींना मारतं. डोनरच्या ज्या टी पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटलं, त्या पहिल्या तीन दिवसांत जोमाने वाढत असतात, म्हणून नेमक्या त्याच सापडतात. स्टेम सेल शांत असतात आणि त्यांच्यात अल्डिहाइड डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम भरपूर असतं, म्हणून त्या तगतात. टॅक्रोलिमस शून्याव्या दिवशी (पेशी चढवल्या त्या दिवशी) सुरू केलं तर त्या उपद्रवी टी पेशी वाढायच्याच थांबतील आणि सायक्लोफॉस्फमाइडच्या हातून निसटतील. म्हणून टॅक्रोलिमस आणि त्याच्या जोडीचं मायकोफिनोलेट पाचव्या दिवशी. नातेवाइकांना सांगा: रिजेक्शनचं आणि जीव्हीएचडीचं (डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर हल्ला करणं) औषध विसरलेलं नाही, आधी भांडखोर पेशी ओळखू येईपर्यंत थांबलोय.

सगळ्यात जपायचं ते स्टेरॉइडपासून, तेही त्याच टी पेशींना दाबतं. मळमळीसाठी डेक्सामेथासोन हे आपल्या केमोच्या छापील ऑर्डरमध्ये बसलेलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडआधी कोणीतरी सवयीने देऊन टाकतं. हॅप्लोच्या चार्टवर शून्य ते पाचव्या दिवसापर्यंत स्टेरॉइडवर लाल फुली मारा. ऑन्डान्सेट्रॉन चालेल. पहिल्या-दुसऱ्या दिवशी १०३ ताप आला की हात स्टेरॉइडकडे जातो, पण हा ताप बहुतेकदा त्याच टी पेशींच्या सायटोकाइनचा (त्यांनी सोडलेल्या रसायनांचा) असतो. कल्चर पाठवा, अँटिबायोटिक सुरू करा, पॅरासिटामॉल द्या. बीपी पडायला लागलं किंवा ऑक्सिजन लागला तर सीनियरला बोलवा, तिथे टोसिलिझुमॅबचा (इंटरल्युकिन-६ चा सिग्नल अडवणारं औषध) विचार होतो.

हीच पद्धत आता मॅच्ड (पूर्ण जुळणाऱ्या) डोनरमध्येही आली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीएमटी सीटीएन १७०३ चाचणीत एका वर्षानंतर जिवंत आणि गंभीर जीव्हीएचडी किंवा रिलॅप्स (आजार उलटणं) नसलेले पेशंट सायक्लोफॉस्फमाइडच्या गटात ५२.७ टक्के होते, टॅक्रोलिमस-मेथोट्रेक्सेटच्या गटात ३४.९ टक्के. त्यामुळे ही लाल फुली फक्त हॅप्लोपुरती ठेवू नका.

औषधपेटी

तिसरा प्रश्न माझ्या पेशाचा, क्लिनिकल फार्मसीचा.

ताई, रक्सोलिटिनिब पेशीतली जॅक१ आणि जॅक२ ही दोन्ही एन्झाइम्स अडवतं. जॅक१ वरून इंटरल्युकिन-६, इंटरफेरॉन गॅमा असे जीव्हीएचडी पेटवणारे सिग्नल जातात. पण एरिथ्रोपोएटिन (लाल पेशींसाठी) आणि थ्रॉम्बोपोएटिन (प्लेटलेटसाठी) जॅक२ वरूनच काम करतात. नवीन मॅरोला रक्त बनवायचा निरोप ज्या तारेवरून जातो, तीच तार आपण अर्धी दाबतोय. मग प्लेटलेट उतरणारच. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या अक्यूट जीव्हीएचडीत हे औषध द्यावंच लागतं: रीच-२ चाचणीत २८व्या दिवशी ६२ टक्के पेशंटना गुण आला, इतर उपचारांना ३९ टक्के. म्हणून घाबरून बंद करायचं नाही, डोस आणि काउंट दोन्ही सांभाळत चालायचं.

ओळखायचं कसं? औषधाने उतरलेले प्लेटलेट पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उतरतात आणि डोस कमी केला की सावरतात. तसं झालं नाही तर चायमेरिझम (रक्तात डोनरच्या पेशी किती, याची तपासणी) पाठवा. डोनरचं प्रमाण टिकून असेल तर ग्राफ्ट (डोनरचा मॅरो) जागेवर आहे. प्रमाण घसरत असेल तर रिलॅप्स किंवा ग्राफ्ट फेल्युअर शोधायला हवं. त्याआधी चार्टवर काउंट पाडणारं दुसरं काय चालू आहे ते बघा: व्हॅलगॅनसायक्लोव्हिर, को-ट्रायमॉक्सॅझोल, की खुद्द सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस). रक्सोलिटिनिबवर सीएमव्ही डोकं वर काढतो, त्यामुळे सीएमव्ही पीसीआर दर आठवड्याला.

पण मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पुण्यात जिकडेतिकडे खोदकाम आणि बांधकाम चालू आहे. धुळीतून ॲस्परजिलस ही बुरशी येते, म्हणून जीव्हीएचडीच्या पेशंटना पोसाकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल (बुरशीविरोधी ॲझोल औषधं) चालू असतं. ही दोन्ही औषधं लिव्हरमधलं सीवायपी३ए४ एन्झाइम अडवतात, आणि रक्सोलिटिनिब व टॅक्रोलिमस त्याच एन्झाइमने निकामी होतात. परिणामी १० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा दिलेलं रक्सोलिटिनिब अंगात त्याहून बरंच जास्त भरतं. बहुतेक ठिकाणी ॲझोलबरोबर डोस निम्मा करतात. टॅक्रोलिमस पोसाकोनॅझोल सुरू करताना साधारण एक तृतीयांशावर आणायचं आणि दोन-तीन दिवसांत रक्तातली लेव्हल बघायची. प्लेटलेट पडले की निम्म्या वेळा उत्तर इथे सापडतं.

याच्या उलटही होतं आणि ते कुणी बघत नाही. ॲझोल *बंद* केलं की आठवड्याभरात टॅक्रोलिमसची लेव्हल खाली येते आणि जीव्हीएचडी उसळतो. टीबी निघाला आणि रिफाम्पिसिन लागलं तर दोन्ही औषधं जवळपास धुऊन जातात, लेव्हल सापडत नाही. आपल्याकडे टीबी आणि हेपॅटायटिस बी रक्सोलिटिनिबखाली पुन्हा जागे होऊ शकतात, म्हणून सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि हेपॅटायटिस बीची कोअर अँटिबॉडी बघून ठेवा.

टॅक्रोलिमसच्या सॅम्पलबद्दल सिस्टर्ससाठी दोन ओळी टाकाच. सॅम्पल सकाळच्या डोसच्या *आधी*, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये. आणि कॅथेटरच्या ज्या लुमेनमधून (नळीतून) टॅक्रोलिमसची ड्रिप जाते, त्यातून कधीच नाही. औषध कॅथेटरच्या भिंतीला चिकटून राहतं, कितीही फ्लश केलं तरी लेव्हल खोटी जास्त येते. मग डोस कमी केला जातो आणि पेशंट विनासंरक्षण राहतो. शक्यतो हातातून घ्या. लुमेनवर चिकटपट्टी लावून "टॅक्रो, सॅम्पल नाही" असं लिहून ठेवलं की रात्रपाळीचा घोळ टळतो.

गुण आला, स्टेरॉइड सुटलं, सहा महिने झाले की रक्सोलिटिनिब उतरवता येतं: १० दोनदा, मग ५ दोनदा, मग ५ एकदा, प्रत्येक पायरी सुमारे आठ आठवड्यांची. गोळ्या संपल्या आणि पेशंट गावी, म्हणून अचानक बंद, असं होऊ देऊ नका. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या मोजून द्या.

गणेशखिंड_लॅब

चौथा प्रश्न. एफएलटी३ हा रिसेप्टर रक्तपेशींना वाढीचा निरोप देतो. आयटीडी म्युटेशनमध्ये जीनचा एक तुकडा दोनदा छापला जातो आणि बटण चालूच राहतं, बाहेरून निरोप आला नाही तरी. एएमएलच्या साधारण चार पेशंटांपैकी एकात हे सापडतं, आणि ट्रान्सप्लांटनंतर लवकर रिलॅप्स होणाऱ्यांत हे बरेच असतात.

सोराफेनिब ते बटण बंद करतं, पण गंमत पुढे आहे. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की सोराफेनिबमुळे ल्युकेमियाच्या पेशी स्वतःच इंटरल्युकिन-१५ जास्त बनवायला लागतात, आणि त्यामुळे डोनरच्या टी पेशी त्यांच्यावर जोराने तुटून पडतात. म्हणजे इथे सिग्नल अडवणारं औषध डोनरच्या पेशींचा दुसरा सिग्नल वाढवतं. ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटमध्ये सोराफेनिबचा एवढा फायदा का दिसतो, याचं मला तरी हे सगळ्यात पटणारं कारण वाटतं. सॉरमेन चाचणीत ८३ पेशंट होते. दोन वर्षांनी रिलॅप्सशिवाय जिवंत असलेले सोराफेनिबवर ८५ टक्के, प्लासिबोवर ५३ टक्के. त्यामुळे आयटीडी असलेल्या प्रत्येकाला द्यावं.

पांढऱ्यापेशी

"प्रत्येकाला" याला माझी हरकत आहे. मॉर्फो चाचणीत ट्रान्सप्लांटनंतर गिल्टेरिटिनिब दिलं होतं, ३५६ पेशंट. सगळे मिळून फरक सिद्ध झाला नाही. ट्रान्सप्लांटच्या आसपास ज्यांच्या रक्तात किंवा मॅरोत एफएलटी३चा अवशेष सापडत होता, त्यांना मात्र फायदा दिसला. औषध वेगळं आहे हे मान्य, पण आधी एमआरडी (आजाराचा उरलेला सूक्ष्म अवशेष) तपासून मग निर्णय घ्यावा. आणि टी पेशी चेतवणारं औषध जीव्हीएचडी पेटलेला असताना द्यायचं नाही, हे तुमच्याच म्हणण्यातून निघतं.

द्यायचं ठरलं तर काउंट स्थिर झाल्यावर, २०० मि.ग्रॅ. दोनदापासून, सोसलं तर ४०० दोनदापर्यंत. तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. ते पुरळ जीव्हीएचडीचं समजून स्टेरॉइड वाढवलं जाण्याचा धोका असतो. सोराफेनिबचं दुखणं दाब पडतो तिथे जास्त: टाच, चवडा, बोटांची टोकं. १० टक्के युरियाचं क्रीम आणि सैल चपला पहिल्या दिवसापासून. बीपी पहिले सहा आठवडे दर आठवड्याला.

गणेशखिंड_लॅब

मान्य. "एमआरडी सापडतो त्यांना नक्की, बाकीच्यांना डॉक्टर ठरवतील" असं लिहावं.

सिस्टर_औंध

सगळ्यांचे मनापासून आभार. रकाने खोडले, आता तारखांप्रमाणे मांडतेय: उणे पाचपासून अधिक शंभरपर्यंत. नातेवाइकांच्या पानासाठी शेवटचं एक विचारते. गणपतीत घरोघरी पपनस असतं, प्रसाद म्हणून पेशंटपर्यंत पोहोचतं. आणि गुळवेलीचा काढा तर सगळेच आणतात, "प्रतिकारशक्तीसाठी". काय लिहू?

औषधपेटी

ताई, दोन्हींना स्पष्ट नाही लिहा, आणि कारणही लिहा. कारण कळलं की लोक ऐकतात.

पपनस ग्रेपफ्रूटच्या जवळचं. त्यातली रसायनं आतड्यातलं तेच सीवायपी३ए४ अडवतात, म्हणून टॅक्रोलिमसची लेव्हल चढते: हात थरथरतात, क्रिएटिनिन वाढतं. एक-दोन फोडींनीही गडबड होऊ शकते आणि परिणाम दुसऱ्या दिवशीही राहतो. संत्रं, मोसंबी नीट धुऊन, सोलून चालतं, काउंट सावरल्यावर.

गुळवेल रोगप्रतिकारक पेशींना चेतवण्यासाठीच घेतात, आणि आपण महिनोन्‌महिने त्या पेशींना शांत ठेवायला झटतोय. शिवाय कोविडकाळात गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईहून प्रसिद्ध झाल्या आहेत. काढा घेतलेल्या पेशंटचं बिलिरुबिन वाढलं तर तो लिव्हरचा जीव्हीएचडी की काढा, हे ठरवायला बायोप्सीपर्यंत जावं लागतं. विचारताना "काही आयुर्वेदिक घेता का?" असं विचारू नका, लोक नाही म्हणतात. "सकाळी उठल्यावर काय काय पिता?" असं विचारा.